फ्लास्क गढूळ दिसला तर काय, आणि नाही दिसला तर काय

सेल कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवणं, शिकायला आलेल्या प्रत्येकाला सुरुवातीच्या काही महिन्यांत एक पिवळा, गढूळ फ्लास्क भेटतोच. त्याला फार घाबरू नका. तो टाकला जातो, आठवडा वाया जातो, गाईडची बोलणी बसतात आणि विषय संपतो. धास्ती घ्यायची ती स्वच्छ दिसणाऱ्या फ्लास्कची. पेशी बऱ्यापैकी वाढताहेत, मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) लालसर आहे, आणि तरीही आत बॅक्टेरिया किंवा त्यांचे अवशेष आहेत. अशा फ्लास्कवरून लोक महिनोन्‌महिने आलेख काढत बसतात. या लेखात दोन्हींची वाट सांगितली आहे, पण जास्त जागा दुसऱ्या प्रकाराला दिली आहे.

हेला, हेक-२९३, ए-५४९, हेप-जी-२, टीएचपी-१ अशा एखाद्या मानवी सेल लाईनवर (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर) तुम्ही काम करणार आहात आणि हूडमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) पेशी पास करणं, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधून नव्यात नेणं, नुकतंच शिकला आहात, असं धरून पुढे जातो.

१. आधी हिशेब समजून घ्या

शरीरात पेशींच्या राखणीला प्रतिकारशक्ती असते. फ्लास्कमध्ये ती नसते. तिथे ३७ अंश सेल्सिअस तापमान असतं, मुबलक अमिनो आम्लं असतात, सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) असतं, आणि हाय-ग्लुकोज डीएमईएम हा मीडिया वापरत असाल तर लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. मानवी पेशींसाठी मांडलेल्या या पंगतीत बॅक्टेरिया कितीतरी जलद जेवतात. हेला पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात, ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत.

टी-७५ (तळ ७५ चौरस सेंटीमीटरचा) फ्लास्कमध्ये १५ मिली मीडिया आहे आणि त्यात एकच बॅक्टेरियम पडला, असं समजा. आठ तासांत २४ वेळा दुप्पट होऊन त्याचे १ कोटी ६७ लाख होतात. म्हणजे मिलीला सुमारे ११ लाख. एवढ्याने मीडिया गढूळ दिसत नाही, कारण डोळ्याला धूसरपणा कळायला साधारण मिलीला कोटीच्या आसपास बॅक्टेरिया लागतात. आणखी दोन तासांनी मात्र आकडा मिलीला ७ कोटींवर जातो. प्रत्यक्षात वेग यापेक्षा कमी असू शकतो, पण ‘काल संध्याकाळी तर काहीच नव्हतं’ हे वाक्य प्रत्येक लॅबमध्ये का ऐकू येतं, ते यावरून कळेल. काल संध्याकाळी होतं, दिसत नव्हतं.

२. पेशींचं नेमकं काय होतं

ग्लुकोज संपतं, आम्ल साठतं, पीएच घसरतो. बॅक्टेरियांची प्रोटिएझ एन्झाइमं पेशींना तळाशी धरून ठेवणारी प्रथिनं तोडतात, त्यामुळे पसरलेल्या पेशी गोल होऊन सुटतात आणि तरंगू लागतात. काही जातींची विषं पेशींच्या आवरणाला थेट भोकं पाडतात. हा झाला ढोबळ, डोळ्याला दिसणारा विनाश. त्यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

थांबून समजून घ्यायचा भाग आहे एंडोटॉक्सिनचा. ग्रॅम-निगेटिव्ह (ग्रॅम स्टेन या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणाऱ्या) बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणात लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, असतं; तेच एंडोटॉक्सिन. मानवी मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी ते टीएलआर-४ या रिसेप्टरने ओळखतात. ओळख पटली की एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन सक्रिय होतं आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-१-बीटा, आयएल-६ या सायटोकाइनांचं, म्हणजे दाहाचे संकेत देणाऱ्या प्रथिनांचं, उत्पादन सुरू होतं. त्यासाठी बॅक्टेरिया जिवंत असण्याची गरज नाही. मिलीला काही नॅनोग्रॅम एलपीएस पुरतं. मीडिया गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत. फक्त त्या आता वेगळ्या पेशी असतात. ‘आमच्या औषधाने दाह वाढला’ असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात दाह पाण्यातल्या एलपीएसने झालेला असतो.

इथे कुठली सेल लाईन वापरता याला फार महत्त्व आहे. टीएचपी-१ किंवा रक्तातून वेगळ्या केलेल्या मोनोसाइटवर काम असेल तर एंडोटॉक्सिनबाबत सोवळं पाळा. हेक-२९३ पेशी टीएलआर-४ जवळपास बनवतच नाहीत, त्यामुळे त्या एलपीएसला दाद देत नाहीत. ‘हेकमध्ये काही फरक पडला नाही, म्हणजे आपलं द्रावण स्वच्छ आहे’ हा तर्क म्हणूनच चालत नाही.

एंडोटॉक्सिन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) नीट नष्ट होत नाही. १२१ अंशाला बॅक्टेरिया मरतात, त्यांचं एलपीएस बऱ्याच अंशी तसंच राहतं. काचेच्या भांड्यांवरून ते घालवायला कोरडी उष्णता लागते: २५० अंश, ३० मिनिटं. ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरनेही ते अडत नाही. द्रावणात आहे की नाही हे तपासायला एलएएल चाचणी आहे, जिचं अभिकर्मक हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्याच्या रक्तपेशींपासून बनतं.

नवख्यांचा पाय सर्वांत जास्त घसरतो तो एका ठिकाणी. ई. कोलायमध्ये स्वतः बनवलेलं प्रथिन मॅक्रोफेजवर टाकलं आणि सायटोकाइन वाढले. आनंद साजरा करण्याआधी दोन कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) लावा. पहिला, तेच प्रथिन अर्धा तास उकळून टाका: प्रथिनाचा आकार बिघडतो, एलपीएस उष्णतेला दाद देत नाही. उकळूनही परिणाम तितकाच राहिला तर संशय एलपीएसवर. दुसरा, पॉलिमिक्सिन-बी घालून पाहा. ते एलपीएसला चिकटून त्याला निष्प्रभ करतं. परिणाम घसरला, तर तो तुमच्या प्रथिनाचा नव्हता.

३. रोज बघा, आणि बघताना काय शोधायचं ते ठरवून बघा

रंग पहिला. मीडियातलं फिनॉल रेड ७.४ पीएचला लाल असतं, आम्लाकडे गेलं की नारिंगी-पिवळं होतं, अल्कलीकडे गेलं की गुलाबी-जांभळं. एका रात्रीत पिवळा झाला आणि पेशी तर विरळ आहेत, तर बॅक्टेरिया समजून चाला. पेशी खच्चून भरल्या असतील तर नुसतं पिवळेपण हा पुरावा नव्हे. उलट, अमिनो आम्लं मोडून अमोनिया सोडणारे बॅक्टेरिया मीडिया गुलाबी करू शकतात. आणि इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड सिलिंडर संपला की सगळेच फ्लास्क गुलाबी होतात, तेव्हा आधी मीटर बघा.

मग मायक्रोस्कोप. १०एक्सवर पेशी बघून पुढे जायची सवय लागते. ती मोडा आणि २०एक्स किंवा ४०एक्सवर, फेज काँट्रास्टमध्ये, पेशींच्या मधली रिकामी जागा बघा. बॅक्टेरिया तिथे दिसतात: एक-दोन मायक्रोमीटरचे ठिपके, दांड्या, कधी साखळ्या.

अडचण अशी की पेशींचा कचराही ठिपक्यांसारखाच दिसतो आणि तोही हलतो. ती हालचाल जागच्या जागी थरथरण्याची असते. ठिपका कुठे जात नाही. पोहणारा बॅक्टेरियम सरळ निघतो, वळतो, नजरेबाहेर जातो. पण सगळेच बॅक्टेरिया पोहत नाहीत, स्टॅफिलोकॉकस तर नाहीच. म्हणून आकाराकडे बघा: कचरा लहान-मोठा, वेडावाकडा असतो, बॅक्टेरिया एकसारखे असतात. तरीही खात्री नसेल तर चार तासांनी पुन्हा बघा. कचरा वाढत नाही.

यीस्ट वेगळं ओळखू येतं: बॅक्टेरियापेक्षा बरंच मोठं, अंडाकृती, कडेला कळी फुटलेली. बुरशीचे धागे दिसले तर वाद घालायचं कारणच नाही. कोकणात, मुंबईत आणि घाटावरही पावसाळ्यात बुरशीचा जोर वाढतो; कल्चर रूममध्ये ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके दमट होतात आणि तिथूनच बीजाणू उडतात. जूनच्या आधी ते खोके बाहेर काढा आणि एसीचा फिल्टर धुऊन घ्या.

४. खात्री करा आणि नमुन्यालाच उगम विचारा

संशयित मीडियातला १ मिली अँटिबायोटिक नसलेल्या ताज्या ब्रॉथमध्ये (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रावणात) टाकून ३७ अंशाला रात्रभर ठेवा, शेजारी न वापरलेल्या मीडियाचा कंट्रोल. हे काम कल्चर हूडमध्ये करू नका. मायक्रोबायोलॉजीच्या बाकावर करा. गढूळ झालं की ग्रॅम स्टेन. दहा मिनिटांच्या या स्टेनला आळस करणारे पुढे आठवडेच्या आठवडे उगम शोधत फिरतात.

ग्रॅम-पॉझिटिव्ह गोल, द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके असतील तर माणसाकडे बघा: त्वचा, नाक, उघडं मनगट, हूडमध्ये चाललेलं बोलणं. ग्रॅम-निगेटिव्ह दांड्या असतील तर पाण्याकडे बघा: वॉटर बाथ, इन्क्युबेटरच्या तळाचा ट्रे, डिस्टिल्ड वॉटरचा जुना कॅन. मोठ्या ग्रॅम-पॉझिटिव्ह दांड्या आणि आत बीजाणू असतील तर बॅसिलस. म्हणजे धूळ किंवा अर्धवट झालेलं ऑटोक्लेव्ह. ७० टक्के अल्कोहोल बीजाणूंना मारत नाही, त्यामुळे नुसतं फवारून बॅसिलस जात नाही.

५. मायकोप्लाझ्मा: न दिसणारा पाहुणा

मायकोप्लाझ्मा हेही बॅक्टेरियाच, पण त्यांना पेशीभित्तिका नाही. भित्तिकेवर काम करणारं पेनिसिलिन त्यामुळे त्यांच्यापुढे निरुपयोगी. आकार इतका लहान आणि लवचीक की ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधूनही ते निसटतात. म्हणून सीरम बनवणाऱ्या कंपन्या ०.१ मायक्रोमीटरचे फिल्टर वापरतात. मिलीला कोटी-दहा कोटी झाले तरी मीडिया गढूळ होत नाही. साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत.

हे प्रकरण नवं नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये १९५१ साली हेला पेशी वाढू लागल्या आणि १९५६ साली रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी हेलाच्या कल्चरमध्ये हे जीव सापडल्याचं नोंदवलं. त्यानंतरच्या वेगवेगळ्या पाहण्यांत सेल लाईन्सपैकी १५ ते ३५ टक्के मायकोप्लाझ्माग्रस्त निघाल्या आहेत. बहुतेक वेळा मोजक्याच जाती सापडतात: एम. ओराले आणि एम. फर्मेंटान्स माणसाच्या तोंडा-घशातून येतात, एम. आर्जिनिनी आणि अकोलेप्लाझ्मा लेडलावी गाई-गुरांच्या सीरममधून, एम. हायोऱ्हिनिस मूळचा डुकराचा, ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) यामार्गे आलेला. आज मात्र सर्वांत मोठा उगम म्हणजे शेजारच्या लॅबने प्रेमाने दिलेला, न तपासलेला फ्लास्क.

पेशी मरत नाहीत, मग बिघडतं काय? पुष्कळ. एम. आर्जिनिनीसारख्या जाती ऊर्जेसाठी आर्जिनिन मोडतात. मीडियातलं आर्जिनिन संपतं, आणि हिस्टोन प्रथिनांना ते भरपूर लागत असल्यामुळे विभाजन मंदावतं, गुणसूत्रं तुटण्यापर्यंत मजल जाते. मायकोप्लाझ्माची न्यूक्लिएझ डीएनए-आरएनए तोडतात. त्यांची लायपोप्रथिनं टीएलआर-२ मार्गे दाहाचे संकेत चालू करतात. ट्रान्सफेक्शन (पेशीत बाहेरून डीएनए घालणं) बसत नाही. एमटीटी या पेशी किती जिवंत आहेत ते मोजणाऱ्या चाचणीचे आकडे खोटे येतात, कारण रंग बदलणारी चयापचय क्रिया फक्त तुमच्या पेशींची राहिलेली नसते.

कॅन्सरच्या औषधांवर काम करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं: एम. हायोऱ्हिनिसची एन्झाइमं जेमसिटाबिनसारखं औषध पेशींपर्यंत पोचण्याआधीच मोडू शकतात. पेशी मेल्या नाहीत की आपण लिहितो ‘रेझिस्टंट’.

तपासणी अशी. पेशी किमान दोन-तीन दिवस अँटिबायोटिकविना वाढवा, जवळपास भरू द्या, मीडिया बदलू नका, आणि मग वरचा मीडिया पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणाऱ्या चाचणीला) द्या. पीसीआरचे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) मायकोप्लाझ्माच्या १६एस आरएनए जनुकावर बसतात. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल हवेतच. शिवाय तुमच्याच नमुन्यात थोडा पॉझिटिव्ह डीएनए मिसळून एक नळी लावा: तीही निगेटिव्ह आली तर नमुन्यातलं काहीतरी पीसीआर अडवतं आहे आणि तुमचं ‘निगेटिव्ह’ फोल आहे.

दुसरी पद्धत होक्स्ट-३३२५८ या रंगाची. स्वच्छ पेशींत फक्त केंद्रक चमकतं. दूषित पेशींत केंद्रकाबाहेर, पेशीच्या अंगभर बारीक ठिपके. मरणाऱ्या पेशींचा डीएनए फसवू शकतो, म्हणून एकट्या होक्स्टवर विसंबू नका.

नवी लाईन आली की, वायल (पेशींच्या छोट्या कुप्या) गोठवण्याआधी, आणि चालू कल्चरची दर एक-दोन महिन्यांनी तपासणी करा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या अधिकृत भांडारातून पेशी मागवल्या तरी तुमच्या इन्क्युबेटरमध्ये त्यांचं पुढे काय झालं, याची जबाबदारी तुमचीच.

६. वाचवू नका, टाका

फ्लास्क दूषित आहे हे नक्की झालं की टाकेपर्यंत झाकण उघडू नका. धुऊन, अँटिबायोटिक दुप्पट घालून तो वाचवायचा मोह होईल, विशेषतः रविवारी कोणी बघत नसताना. साध्या सेल लाईनसाठी ते कधीच करण्यासारखं नसतं. गोठवलेली वायल आहेच. रुग्णाकडून मिळालेल्या, पुन्हा न मिळणाऱ्या पेशी असतील तर गोष्ट वेगळी. मायकोप्लाझ्मासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं दोन-तीन आठवडे देऊन शुद्धी करता येते, पण वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, आणि उपचार थांबवल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासूनच त्या पेशींवर भरवसा ठेवायचा.

टाकताना द्रवाच्या दहाव्या हिश्शाइतकं घरगुती ब्लीच पडेल असं घाला आणि अर्धा तास ठेवा. किंवा ऑटोक्लेव्ह करा. दोन्ही एकत्र करू नका: ब्लीच घातलेलं ऑटोक्लेव्हमध्ये गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. त्या दिवशी त्या पेशींसाठी उघडलेली मीडिया, पीबीएस (पेशी धुण्याचं क्षारद्रावण), ट्रिप्सिनची बाटलीही जाऊ द्या. जीव तुटतो, सीरमची बाटली महाग असते, म्हणूनच सीरम आणल्या दिवशीच ५० मिलीच्या नळ्यांमध्ये वाटून गोठवावं.

जाता जाता: सीरम ५६ अंशाला ३० मिनिटं तापवतात ते कॉम्प्लिमेंट (पेशींवर हल्ला करणारी रक्तातली) प्रथिनं निष्क्रिय करण्यासाठी. त्याने सीरम निर्जंतुक होत नाही.

७. उगम शोधा

पेशींशिवाय, अँटिबायोटिकशिवाय वेगवेगळ्या नळ्या लावा: नुसता मीडिया, मीडिया अधिक सीरम, पीबीएस, ट्रिप्सिन. तीन-चार दिवस ३७ अंशाला. कुठली गढुळते ते कळेल. एकही नाही, तर दोष हाताचा, हूडचा किंवा इन्क्युबेटरचा. एकट्याच्याच फ्लास्कमध्ये होतं का सगळ्यांच्या, हे विचारायला लाजू नका. लॅबमध्ये हे लपवण्याची जी पद्धत आहे तिच्यामुळे जितकं नुकसान होतं तितकं बॅक्टेरिया करत नसतील.

८. पेन-स्ट्रेपची कुबडी

मिलीला १०० युनिट पेनिसिलिन आणि १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन हा सर्रास वापर आहे. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. अँटिबायोटिक असलं की हाताची शिस्त सुटते, आणि दबून राहिलेलं कंटॅमिनेशन नाहीसं न होता लपतं. मायकोप्लाझ्मावर तर हे मिश्रण भरवशाचं नाहीच. शिवाय पेशींवरही परिणाम होतो: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेन-स्ट्रेपमुळे हेप-जी-२ पेशींत २०९ जनुकांचं काम बदललेलं दिसलं. टेट्रासायक्लिन वर्गातली औषधं तर मायटोकाँड्रियाचं प्रथिन बनवण्याचं काम रोखतात, कारण मायटोकाँड्रियाचे रायबोसोम बॅक्टेरियांच्या वळणाचे असतात.

प्रायमरी कल्चरच्या (ऊतकातून थेट घेतलेल्या पेशींच्या) पहिल्या काही दिवसांत, ऊतक निर्जंतुक नसतं म्हणून, अँटिबायोटिक घाला. एरवी निदान एक फ्लास्क कायम अँटिबायोटिकविना चालवा. काही लपलेलं असेल तर तो आधी सांगेल.

९. हात

हूड कामाआधी दहा-पंधरा मिनिटं चालू. मानवी पेशींसाठी क्लास-२ बायोसेफ्टी कॅबिनेटच. आडव्या हवेचा लॅमिनार फ्लो हवा तुमच्या तोंडावर फेकतो. पुढची जाळी वहीने झाकू नका, त्यानेच हवेचा पडदा फाटतो. उघड्या बाटलीवरून हात नेऊ नका. ७० टक्के अल्कोहोल, ९५ नव्हे. प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं. फवारल्यावर वाळू द्या. वॉटर बाथमध्ये बाटली मानेपर्यंत बुडवू नका, बाहेर काढून पुसा, आणि बाथचं पाणी आठवड्याला बदला. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये नळाचं पाणी नको. एका वेळी एकच सेल लाईन, आणि संशयित फ्लास्क दिवसाच्या शेवटी.

१०. पुन्हा सुरुवात आणि जुन्या आकड्यांचं काय

नवी वायल काढा, अँटिबायोटिकविना दोन आठवडे वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये किंवा निदान वेगळ्या, बंद झाकणाच्या फ्लास्कमध्ये ठेवा, मायकोप्लाझ्मा तपासा, आणि निगेटिव्ह आल्यावरच गोठवून साठा करा. द्रव नायट्रोजनमध्ये मायकोप्लाझ्माही सुखाने टिकतो, त्यामुळे न तपासलेली वायल साठ्यात गेली तर ती पुढच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडते.

मायकोप्लाझ्मा सापडला असेल तर मागे मोजत जा: शेवटची निगेटिव्ह चाचणी कोणत्या तारखेची, त्या वेळी पॅसेज (पेशी पास करण्याची खेप) कितवा. त्या तारखेनंतरचा प्रत्येक प्रयोग वहीत लाल पेनाने खूण करून संशयित धरायचा आणि स्वच्छ पेशींवर पुन्हा करायचा. शेवटची चाचणीच झालेली नसेल, तर त्या काळात गोठवलेल्या वायल क्रमाने काढून तपासा. पहिली पॉझिटिव्ह कुठली निघते त्यावरून वहीतली रेघ कुठे ओढायची ते ठरेल.